काठोकाठ

४ ऑक्टोबर १९८६, शनिवार

आसुन्ताने नापोलीहून पार्सल पाठवलं. त्यात ही वही आणि वाइनवरचं एक जाडजूड पुस्तक. फोनवर म्हणाली, "आई, बोलायला कुणी नसेल तेव्हा वहीत लिहीत जा."

मी म्हटलं, "ससे आहेत की बोलायला."

"ससे उत्तर देत नाहीत."

तुझा बाप तरी कुठे देत होता, असं अगदी ओठावर आलं होतं. पण क्रिस्तोफारोला जाऊन आठच महिने झालेत, आणि पोरगी फोनवर लगेच रडते, म्हणून गिळलं.

तर लिहिते. आज वरच्या मळ्यातली द्राक्षं पिळून झाली. सगळा रस एकाच मोठ्या पिंपात गेला. हात मधमाश्यांनी फोडून काढलेत, पण काम झालं. नवरा गेल्यावरची माझी पहिली वाइन.

पिंपाचं झाकण लावतेय तोच धाकटे दीर अनिएल्लो आणि जाऊ फिलोमेना आले. भाऊजींनी पिंपावर थाप मारली, कान लावला आणि मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.

"वहिनी, हौस फिटली ना? आता तळघराची किल्ली माझ्याकडे द्या. मळाही मी बघतो. तुम्ही जा लेकीकडे, सुखात राहा."

"सुखात राहायला मी काय निवृत्त बिशप आहे?"

"बाई पिंपाजवळ गेली की वाइन फिरते. हे मी नाही म्हणत."

"मग कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे तुम्ही आणि तुमचं खेचर."

फिलोमेना फिसकन हसली. भाऊजी चिडले आणि मग ठरलं ते असं: ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझ्याच तळघरापुढे जेवण. सशासोबत ही वाइन उघडायची. पिंपं बांधणारा म्हातारा नुंत्सियो चाखेल, तो सांगेल ते खरं. आंबट निघाली तर किल्ली आणि मळा भाऊजींचा, मी नापोलीला. चांगली निघाली तर मळा माझा, आणि जन्मात पुन्हा हा विषय काढायचा नाही.

हात मिळवताना माझे हात चिकट होते. भाऊजींनी आपला हात पँटला पुसला. मनात आलं, नापोलीत चौथ्या मजल्यावर राहायचं, खाली रस्ता. मी तिथे काय पुसणार आणि काय चिकटवणार?

८ ऑक्टोबर

रस उकळायला लागलाय. आग नाही, काही नाही, आपोआप. पिंपाला कान लावला की आत कुणी जिन्यावरून धावतंय असं वाटतं. तीस वर्षं या तळघराच्या दारातून क्रिस्तोफारोला जेवायला हाका मारल्या, आत कधी आले नाही. बायकांनी यायचं नसतं. डोंगराच्या हिरव्या दगडात कोरलेली खोली, दोन पिंपं (एक रिकामं), आणि खिळ्याला त्याची टोपी. टोपी मी हलवलेली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पुस्तक वाचायला घेतलं. मी शाळेत चौथीपर्यंत. पुढचं सगळं पाद्रीबाबांच्या कपाटातून आणि भाजी गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांतून शिकले, तेव्हा पुस्तकाला भीत नाही. पुस्तक म्हणतं, आमच्या बेटाची पांढरी वाइन ही समुद्राची वाइन. तिच्यासोबत शिंपले, तळलेले छोटे मासे, भाजलेला मासा, वर लिंबू. सशाचा उल्लेख नाही.

लेखक बेटावर आला असेल, पण बोटीतून उतरून बंदरावरच जेवला असणार. डोंगर चढला नाही. आम्ही बेटावरचे खरे, पण समुद्राकडे पाठ करून जेवणारे. आमच्याकडे रविवार म्हणजे ससा: अख्ख्या लसणाच्या पाकळ्या, छोटे टोमॅटो, डोंगरातला रानओवा, आणि हीच पांढरी वाइन, अर्धी भांड्यात, अर्धी पेल्यात. त्याच रश्शात शेवया.

पेन्सिलीने समासात लिहिलं: ससा.

१ नोव्हेंबर, शनिवार

पिंप शांत झालं. आतला जिना रिकामा झाला. बूच मारलं.

शनिवारी दुपारी मी दफनभूमीत जाते. क्रिस्तोफारोला फुलं नेते, आठवड्याचं सांगते. आज सगळ्या संतांचा दिवस, गर्दी होती, म्हणून मनातल्या मनातच सांगितलं.

येताना एक आठवलं. दर शनिवारी दुपारी तो माडीवरच्या काचेच्या बरणीतून वाइनची सुरई भरायचा आणि तळघरात उतरायचा. तासाभराने रिकामी सुरई घेऊन वर. मी दारातच गाठायचे: "आलास पिऊन?" तो हसायचा. तीस वर्षं एकच प्रश्न, एकच हसू. आज शनिवार होता आणि विचारायला कुणी नव्हतं.

११ नोव्हेंबर, सेंट मार्टिन

नवी वाइन चाखायचा दिवस. बुचातून नळी घालून पेलाभर काढली. गढूळ, आंबट-गोड, जिभेला चावणारी. पण वाईट नाही! सोबत भाजलेले चेस्टनट. नकळत पेले दोन मांडले होते. दुसराही मीच प्यायले. वाया कशाला घालवायचा?

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुस्तकात आज भयंकर वाचलं. लाकडी पिंपातली वाइन हळूहळू लाकडातून उडून जाते, वर पोकळी राहते, पोकळीत हवा शिरते आणि वाइन आंबते. म्हणून दर आठवड्याला पिंप त्याच वाइनने काठोकाठ भरत राहावं.

 त्याच वाइनने म्हणजे कुठल्या? माझी सगळीच्या सगळी त्या एका पिंपात आहे, बाजूला थेंब ठेवलेला नाही. माडीवरची क्रिस्तोफारोची बरणी तर त्याच्या अंत्यविधीला आलेल्या लोकांनीच संपवली. बॅटरी घेऊन खाली धावले. बूच काढलं, बोट घातलं.

काठोकाठ!

दोन आठवडे झाले बूच मारून, आणि एक थेंब कमी नाही. बसून हसत सुटले. पुस्तक लिहिणारे मैदानातले लोक. आमच्या हिरव्या दगडाच्या पोटात किती थंडावा, किती ओल असते ते त्यांना काय ठाऊक? समासात लिहिलं: आमच्याकडे नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दफनभूमीतून येताना पायवाटेवर भाऊजी भेटले. हातात टोपली, तळाशी मुळ्याच्या पाल्याची चार पानं.

"कुठून?"

"तुमच्या सशांना पाला टाकून आलो."

"माझ्या सशांना मी घालते पाला."

"वहिनी, माझ्या भावाचे ससे आहेत ते. उपाशी बघवत नाहीत मला."

उपाशी! खड्ड्यात डोकावून पाहिलं, तर एकेक बिशपसारखा. आमचे ससे जमिनीत खोल खणलेल्या खड्ड्यात राहतात, भिंतीत बिळं करतात, पळतात, म्हणून त्यांच्या मांसाला चव असते. पाला पडला होता खरा. पण तेवढ्यासाठी माणूस डोंगर चढून येतो?

१३ डिसेंबर, शनिवार

आज लवकर निघाले होते, पण चष्मा विसरला म्हणून वळले. तर भाऊजी टोपली घेऊन वर येताना दिसले. पाल्याने शिगोशीग भरलेली, आणि त्या वजनाने माणूस एका बाजूला कलंडलेला. मला बघून दचकले.

"एवढं जड काय आहे?"

"ओला पाला. दव पडलंय."

दुपारी दोन वाजता दव! मी पुढे गेले. परत येताना ते लांबून दिसले, रिकामी टोपली लहान पोरासारखी हेलकावत शीळ घालत चाललेले.

मला यांचं लक्षण ठीक दिसत नाही. सशांवर एवढं प्रेम या माणसाला त्यांना खातानासुद्धा नव्हतं.

२६ डिसेंबर

नाताळ भाऊजींकडे झाला. फिलोमेनाने तळलेली बाम मासोळी केली होती. भाऊजींच्या खालच्या मळ्यात फोरास्तेरा जातीची द्राक्षं होतात, माझ्या वरच्या मळ्यात निव्वळ बियांकोलेल्ला. त्यांची वाइन जाड, रांगडी. बामीच्या तेलाला तीच पुरी पडते, हे मान्य केलं पाहिजे. माझी बिचारी त्या तेलात बुडाली असती.

भाऊजी सारखे विचारत होते, "वहिनी, पिंपाकडे बघता ना? काठापर्यंत आहे ना?"

"काठोकाठ आहे. आणि तुमच्या पोटात का दुखतंय?"

"दुखत नाही. विचारलं आपलं."

हरण्याची भीती दिसतेय.

१० जानेवारी, शनिवार

सापडलं! रात्री पाऊस होता, आणि आज तळघराच्या दाराशी चिखलात भाऊजींच्या बुटांचे ठसे. सशांच्या खड्ड्याकडे नाही, दाराकडे. किल्ली पिढ्यान्‌पिढ्या गडग्याच्या दगडांतल्या एका भोकात असते, निवडुंगाच्या मागे, ते घरच्या सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे माझी वाइन चोरतायत. आत जाऊन बोट घातलं. काठोकाठ. चोर असेल तर मोठा अजब चोर. मग वाटलं, पाणी घालत असतील, बिघडवायला! पेलाभर काढून चाखली. पाणी नाही. उलट अंग धरू लागलीय.

काही का असेना, किल्ली आता माझ्या एप्रनच्या खिशात.

१७ जानेवारी, सेंट अँथनी

चौकात होळी पेटली. लोक जनावरांना आशीर्वाद द्यायला घेऊन आले होते. मी ईस्टरसाठी ठेवलेला सर्वांत मोठा ससा टोपलीत नेला. पाद्रीबाबा म्हणाले, "रेस्तितुता, ज्याला तू खाणार आहेस त्याला आशीर्वाद कसा द्यायचा?" मी म्हटलं, "चवीसाठी द्या."

भाऊजी गर्दीतून माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"वहिनी, गडग्यातली किल्ली कुठे गेली?"

"तुम्हाला काय करायचीय?"

"काही नाही. त्या भोकात पाल शिरताना दिसली, म्हणून बघत होतो."

"मग पाल मिळाली का?"

"नाही."

"मग किल्लीही नाही मिळणार."

 शेवटी म्हणाले, "दर आठवड्याला बोट घालून बघत जा हो. तेवढं करा." आणि गेले. मला शिकवतात!

बोटबिट घालणार नाही. ते म्हणाले म्हणून तर मुळीच नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज क्रिस्तोफारोच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना झाली. पाद्रीबाबांनी नाव बरोबर उच्चारलं. बाकी काय लिहू?

संध्याकाळी त्याच्या नावाने एक पेला काढावा म्हणून खाली गेले. बूच काढल्याबरोबर वास आला. बॅटरी मारली. वाइन तीन बोटं खाली गेलेली, आणि वर पांढरी साय. पातळ, सुरकुतलेली.

१५ फेब्रुवारी

झोप नाही. आसुन्ताला फोन केला.

"आई, पुस्तक काय म्हणतं?"

"साय फडक्याने टिपून काढा, गंधकाची वात जाळा, आणि पिंप भरा. त्याच वाइनने! कुठून आणू?"

"काकांकडून माग."

"मरेन पण मागणार नाही."

 ती म्हणाली, "आई, इथे तुझी खोली तयार आहे. खिडकीतून समुद्र दिसतो."

समुद्राकडे तोंड करून जेवायचं आता. मी फोन ठेवला.

साय टिपली. वात जाळली. चाखली, अजून आंबली नाही, पण वाटेवर आहे. टोपीखाली बसून रडले. सगळ्या वर्षात त्याच्यासाठी इतकी रडले नव्हते, जितकी त्या तीन बोटांसाठी.

१६ फेब्रुवारी

विचार केला. तीन महिने काठोकाठ असलेलं पिंप अचानक खाली का गेलं? मी वेगळं काय केलं? एकच. किल्ली गडग्यातून काढली. क्रिस्तोफारोने आणि त्याच्या बापाने किल्ली कधी दुसरीकडे ठेवली नाही. जुन्या गोष्टींना सवयी असतात. मी शिकलेल्या बाईसारखी वागले आणि वाइन रुसली.

हे आसुन्ताला सांगणार नाही. ती दवाखान्यात काम करते, माझी तपासणी करवेल.

किल्ली भोकात परत ठेवली. वर ठसठशीत दिसेल अशी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दफनभूमीतून धावतच आले. बूच काढलं.

काठोकाठ!!

पुस्तकाला म्हणावं, आता बोल.

३ एप्रिल, शुक्रवार

ईस्टरआधीचा उपासाचा काळ, मांस बंद. म्हणून शुक्रवारी एकेक पदार्थ करून त्यासोबत माझी वाइन चाखतेय, पुस्तकाची परीक्षा म्हणून. आजवरचे निकाल: तळलेले छोटे मासे, उत्तम, पुस्तक बरोबर. राजम्याच्या शेवयांत शिंपले घातले, त्याहून उत्तम. खारवलेला कॉड मासा, बरा. हिरवे वाल आणि मेंढीच्या दुधाचं चीज, पाद्रीबाबांसमोर सांगू नये इतकं छान.

आर्टिचोक, ती कमळाच्या कळीसारखी भाजी, मात्र सत्यानाश. एक घास खाल्ला आणि घोट घेतला, तर वाइन आधी गुळचट झाली आणि मग तोंडात लोखंडाची किल्ली ठेवल्यासारखी. पुस्तकात हे तंतोतंत दिलंय. एवढ्यापुरता लेखकाला मान.

४ एप्रिल, शनिवार

भाऊजी आता लपतसुद्धा नाहीत. टोपली घेऊन राजरोस वर येतात. मी विचारलं, "सशांसाठी?" म्हणाले, "सशांसाठी." मी म्हटलं, "ते चाखायच्या दिवशी तुमच्या बाजूने बोलणार नाहीत." त्यावर मोठ्याने हसले. हा माणूस हसला की थोडा भावासारखा दिसतो. आजच लक्षात आलं.

२० एप्रिल, ईस्टरचा सोमवार

रात्र झालीय, पण आजच लिहिते.

तळघरापुढे टेबल मांडलं. ससा मी पहाटेपासून शिजवत होते. आशीर्वाद लागला असावा, मांस हाडावरून नुसतं बघूनच सुटत होतं. नुंत्सियो काठी टेकत आला, खुर्चीत बसला, म्हणाला, "पोरी, मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलो नाही. जीभ कोरी ठेवलीय." भाऊजी कोट घालून आलेले. सारखी कॉलर सैल करत होते.

आणि फिलोमेना आली ती मोठी परात घेऊन. वर झाकलेलं फडकं काढलं. आर्टिचोक! निखाऱ्यात भाजलेले, लसूण-तेलात न्हालेले.

"सणाला आधी आर्टिचोक, मग ससा," ती म्हणाली. "आमच्या माहेरची रीत. घ्या नुंत्सियोकाका, गरम आहेत."

म्हाताऱ्याने हात पुढे केला.  बिचारी भोळेपणाने आणली की काय ते देव जाणे, तिच्या चेहऱ्यावरून तिचं कधीच कळत नाही.

"थांबा!" मी ओरडले. "आधी वाइन, मग ससा, आर्टिचोक शेवटी."

"का हो ताई? विष घातलंय का मी?"

"आर्टिचोकने वाइनची चव बदलते. पुस्तकात आहे."

"पुस्तकात!" फिलोमेना म्हणाली. "ऐकलंत का? आता जेवायचं कसं तेही पुस्तक सांगणार. उद्या म्हणाल, घास किती वेळा चावायचा तेही लिहिलंय."

"तेही आहे. दुसऱ्या पुस्तकात."

मला वाटलं, भाऊजी बायकोची बाजू घेणार. त्यांनी काय केलं, तर परात स्वतःकडे ओढली, म्हणाले, "मला भूक लागलीय," आणि एकामागून एक आर्टिचोक खायला लागले. बायकोने कोपराने ढोसलं तरी थांबेनात. खादाड माणूस! पण माझं काम झालं.

मी आत गेले. टोपीकडे बघितलं. सुरई भरून आणली. रंग असा होता, की उन्हात धरल्यावर नुंत्सियोने डोक्यावरची टोपी काढली. त्याने हुंगलं. घोट घेतला, गालात फिरवला, डोळे मिटले. सशाचा तुकडा खाल्ला. पुन्हा घोट. मला फक्त मधमाश्या ऐकू येत होत्या.

"आंबली नाही," तो म्हणाला.

"नाही ना?"

"थांब, बोलू दे. स्वच्छ आहे. पुढे तुझी बियांकोलेल्ला उभी आहे, ताठ, तुझ्यासारखीच. सशाशी भांडत नाही, त्याचा हात धरून चालते. क्रिस्तोफारोची असायची, तशीच."  कपाळाला आठी घातली. "पण मागे आणखी कुणी उभी आहे. फोरास्तेरा. थोडीशीच. पण आहे."

भाऊजींना जबरदस्त ठसका लागला. फिलोमेना पाठीत बुक्के मारायला लागली.

"शक्य नाही!" मी म्हटलं. "माझ्या मळ्यात फोरास्तेराचा एक वेल नाही. निव्वळ बियांकोलेल्ला आहे!"

"पोरी, मी सत्तर वर्षं पितोय."

"मग सत्तर वर्षांत जीभ झिजली असेल. ही आमच्या दगडाची चव आहे!"

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग लाल-लाल झालेल्या भाऊजींकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मग का कुणास ठाऊक, पोट धरून हसला.

"बरं," तो म्हणाला, "दगडाची. तुमचा दगड फार चांगला आहे हो. जपा त्याला. किल्ली तुझी, मळा तुझा. आता कुणीतरी मला शेवया वाढा."

जिंकले! भाऊजींनी उठून माझा हात हातात घेतला. मला वाटलं होतं, तोंड कडू करतील. म्हणाले, "वहिनी, दादाचं पिंप वाचलं," आणि खाली बसून निवांतपणे सशाचं मुंडकं चोखायला लागले. हरल्यावर असा आनंदी माणूस मी पाहिला नाही. आर्टिचोक खाल्ल्यामुळे त्यांना माझी वाइन मात्र लोखंडासारखी लागत असणार. पेला तसाच ठेवला होता.

आसुन्ताला फोन केला. खिडकीची खोली भाड्याने दे म्हटलं. ती रडली. ती कशालाही रडते.

२६ एप्रिल, रविवार

फिलोमेना तिची परात न्यायला आली. खुर्चीत बसली, एप्रनने वारा घेतला.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते. आमच्याकडची वाइन संपली."

"संपली? एप्रिलमध्ये? ती तर पुढच्या नाताळपर्यंत पुरते तुम्हाला."

"छोटी बरणी संपली, आणि आता मोठ्या पिंपातलीसुद्धा खाली गेलीय. परवा पाहुणे आले तर दुकानातली बाटली आणावी लागली. लाज वाटली मला. हा माणूस पितो हो! चोरून पितो."

"भाऊजी? छे!"

"तुम्हाला नाही ठाऊक. दर शनिवारी दुपारी सुरई काठोकाठ भरतात, टोपलीत ठेवतात, वर पाला झाकतात, मला मूर्ख समजतात. आणि तासाभराने येतात तर सुरई रिकामी. मी दारातच गाठते. म्हणते, आलात पिऊन?"

मी परात धरून उभी होते.

"मग ते काय म्हणतात?"

"काय म्हणणार? हसतात."

मी परात तिला दिली. मग पुन्हा मागून घेतली, धुतली होती तरी परत धुतली. तिने विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, ऊन लागलं.

ती गेल्यावर पुस्तक काढलं. पिंप काठोकाठ भरायचं ते पान उघडलं आणि रबराने समासातलं 'आमच्याकडे नाही' खोडलं. मग तळघरात गेले आणि टोपीसमोर बसले. तीस वर्षं, दर शनिवारी. एक शब्द बोलला असतास तर काय जीभ झिजली असती तुझी?

तीस वर्षं विचारते आहे, आणि हा नुसता हसतो आहे.

२ मे, शनिवार

दफनभूमीत आज लवकर गेले आणि थोडंच थांबले. क्रिस्तोफारोला म्हटलं, काम आहे.

ईस्टरनंतर माझी वाइन पिंपातून काचेच्या बरण्यांत काढलीय, त्यातूनच सुरई भरली. टोपलीबिपली नाही, उघडीच. शनिवारी दुपारी सशांकडे यायचं काम आता उरलं नाही, म्हणून भाऊजी चौकात पत्ते खेळायला बसतात. त्यांच्या तळघराची किल्लीही गडग्यातच, बडीशेपेच्या झुडपाखाली. आत माझ्यापेक्षा जास्त पसारा. पिंप चांगलं चार बोटं खाली गेलेलं. ओतली. पुन्हा वर चढून गेले, पुन्हा सुरई आणली, ओतली. बोट घातलं. काठोकाठ.

त्यांच्या फोरास्तेरात आता थोडी माझी बियांकोलेल्ला उभी आहे. नुंत्सियोने ओळखली तर सांगेन, या घराण्याचा दगडच तसा आहे.

किल्ली जागेवर ठेवली. रिकामी सुरई हेलकावत वर निघाले, तर वाटेत फिलोमेना, कपडे वाळत घालतेय. माझ्याकडे बघितलं, सुरईकडे बघितलं, सुरई उलटी करून बघितली. एक थेंब पडला.

"अरे देवा," ती म्हणाली. "ताई, तुम्हीसुद्धा? भरदुपारी? आलात पिऊन?"

मी हसले.